आयव्हीची बस आली, फोटो काढून गेली!

मॅनेजमेंट कॉलेज आणि इंडस्ट्री यांच्यातल्या 'टाय-अप'चे बोर्ड प्रत्येक कॅम्पसवर दिसतात. पण कॉलेजातलं ज्ञान गोदामात आणि गोदामातलं ज्ञान कॉलेजात खरंच पोचतं का? भिवंडीच्या गोदामपट्ट्यातल्या कोनमध्ये उभं राहून शोधलेलं हे उत्तर.

कल्याण स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा पकडायची, दुर्गाडी किल्ला मागे टाकायचा आणि खाडीवरचा पूल ओलांडायचा, की आलं कोन. सकाळी साडेसहाला इथल्या नाक्यावर उभं राहिलात तर गळ्यात आयकार्ड आणि पाठीवर सॅक असलेली आपल्याच वयाची पोरं-पोरी दिसतील. कुणी कंपनीच्या बसची वाट बघतंय, कुणी रिक्षात चौथी सीट शोधतंय. सगळे निघालेत गोदामांकडे. कोणी पिकर, कोणी पॅकर, कोणी स्कॅनिंगला.

साधारण अकराच्या सुमाराला याच रस्त्यावरून कधीकधी एक एसी बस जाते. आत फॉर्मल शर्ट घातलेले मॅनेजमेंटचे विद्यार्थी. ही त्यांची 'आयव्ही', म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट. गोदामाच्या गेटवर सेफ्टी जॅकेट चढवायची, मॅनेजरच्या मागे मागे रॅकमधून फिरायचं, फोर्कलिफ्टसमोर ग्रुप फोटो काढायचा, सामोसा खायचा आणि चारच्या आत परत बसमध्ये. संध्याकाळपर्यंत फोटो सोशल मीडियावर, खाली 'ग्रेट लर्निंग एक्स्पिरियन्स'.

सकाळची आणि अकराची, दोन्ही गाड्या एकाच गोदामात जातात. पण त्यातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. कॉलेज आणि उद्योगाच्या भागीदारीबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

डायपरची गोष्ट

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, इथल्याच एका गोदामात चार वर्षं पिकर आहे. हातातल्या स्कॅनरवर ऑर्डर येते, त्यात रॅकचा नंबर असतो, तिथे जाऊन माल उचलायचा आणि पॅकिंगच्या टेबलावर आणून द्यायचा. दिवसभर चालणं. दादाच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त ऑर्डर लहान मुलांच्या डायपरच्या येतात आणि डायपर ठेवलेत पार मागच्या टोकाला. का? तर तो माल पहिल्यांदा आला तेव्हा तिथे जागा मोकळी होती, एवढंच. त्याने सुपरवायझरला सांगितलं. 'बघू' असं उत्तर आलं.

पुढे उन्हाळ्यात एका बी-स्कूलचा इंटर्न दोन महिन्यांसाठी आला. मुलगा चांगला होता. ऑफिसात बसून न राहता दादाबरोबर फिरला, वहीत टिपून घेतलं, कुठला माल दिवसातून किती वेळा उचलला जातो ते मोजलं. शेवटी त्याने हेड ऑफिसला प्रेझेंटेशन दिलं आणि पंधरा दिवसांत डायपर पॅकिंगच्या टेबलाजवळ आले. दादाची पायपीट कमी झाली, ऑर्डर लवकर निघायला लागल्या.

मॅनेजमेंटच्या भाषेत याला 'स्लॉटिंग' म्हणतात. त्यामागे 'एबीसी अॅनालिसिस' असतं. थोड्याच वस्तूंची उलाढाल सगळ्यात जास्त असते, त्या 'ए' गटात टाकायच्या आणि हाताशी ठेवायच्या. मधल्या वस्तू 'बी', क्वचित लागणाऱ्या 'सी'. आपल्या आईला हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी स्वयंपाकघरात मिठाची बरणी ओट्यावर आणि दिवाळीचा सोऱ्या माळ्यावर असतो. तीच गोष्ट.

मग सगळं छान झालं? तीन-चार महिने झालं. नंतर सुपरवायझर बदलला, सीझन बदलला, नवीन माल आला आणि पुन्हा जागा दिसेल तिथे लावला गेला. माल का हलवला होता, दर काही दिवसांनी पुन्हा कसं मोजायचं, हे फ्लोअरवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ते सगळं त्या प्रेझेंटेशनमध्ये होतं. प्रेझेंटेशन हेड ऑफिसात आणि इंटर्नशिप रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात.

हा फक्त आमच्या दादाच्या गोदामाचा प्रॉब्लेम असता तर मी लेख लिहिला नसता. पण अगदी अशीच गोष्ट आपल्याच भागात, जगातल्या नामांकित विद्यापीठाने मोजून दाखवली आहे.

तारापूरचा प्रयोग

२००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी एक साधा प्रश्न घेतला. चांगल्या मॅनेजमेंटने खरंच फरक पडतो का? की यशस्वी कंपन्या यशस्वी असतात म्हणून त्यांचं मॅनेजमेंट चांगलं दिसतं? उत्तर शोधायला त्यांनी निवडले तारापूर आणि गुजरात हद्दीतल्या उंबरगावचे कापड कारखाने. तारापूर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी, जॉन रॉबर्ट्स आणि बेन आयफर्ट हे त्या टीममधले संशोधक.

अभ्यासात १७ कंपन्यांचे २८ कारखाने होते. काही कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय कन्सल्टन्सीची पाच महिने फुकट मदत मिळाली. पहिला महिना तपासणी, पुढचे चार महिने प्रत्यक्ष बदल. तुलनेसाठी निवडलेल्या कारखान्यांत फक्त एक महिन्याची तपासणी झाली.

सुरुवातीला कारखान्यांत काय दिसलं? सुताचा साठा कसाही रचलेला, त्याची नोंद नाही. मशीन बंद पडलं की मगच दुरुस्ती. कापडात दोष किती, कुठल्या मागावर, कशामुळे, याचा रोजचा हिशेब नाही. आणि मालकांना वाटायचं, आपलं चाललंय ते ठीकच आहे.

कन्सल्टंटनी ३८ पद्धतींची यादी केली. त्यात रॉकेट सायन्स काहीच नव्हतं. माग किती वेळ बंद राहिला ते लिहा. दोष आला की त्याचं कारण नोंदवा. रोज थोडा वेळ सगळ्यांनी उभं राहून त्या नोंदींवर बोला. सूत रंग आणि जातीप्रमाणे लावा, लेबल चिकटवा. फरशी मोकळी ठेवा. बस.

निकाल २०१३ मध्ये अर्थशास्त्रातल्या एका अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नवीन मशीन न घेता, फक्त नोंद आणि शिस्त यांच्या जोरावर. मदत मिळालेल्या कंपन्यांनी पुढे तीन वर्षांत नवे कारखाने उघडण्यातही आघाडी घेतली.

मग मालकांनी हे आधीच का केलं नव्हतं? संशोधकांना दिसलेलं मुख्य कारण पैशाची चणचण हे नव्हतं. काही पद्धती त्यांना माहीतच नव्हत्या आणि ज्या माहीत होत्या, त्यांनी फायदा होईल असं वाटत नव्हतं. आणखी एक गोष्ट तर अगदी आपल्या भागातली वाटते. धंदा घरचा, त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या हातात अधिकार द्यायला मालक कचरतो. म्हणून कारखाना किती मोठा होणार हे घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर ठरायचं!

आठ-नऊ वर्षांनी

गोष्टीचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. हेच संशोधक काही वर्षांनी, २०१७ च्या सुमाराला, त्याच कारखान्यांत परत गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. सगळ्यात जास्त सांगितली गेलेली कारणं दोन. मॅनेजर बदलला आणि मालकाला लक्ष द्यायला वेळ राहिला नाही.

डायपर आठवले ना?

पण उरलेल्या निम्म्या टिकल्या होत्या. मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने तेव्हाही बरेच पुढे होते. शिवाय त्याच कंपन्यांच्या ज्या दुसऱ्या कारखान्यांत कन्सल्टंट कधी गेलेच नव्हते, तिथेही काही पद्धती पोचल्या होत्या. म्हणजे ज्ञान पसरतं. पण ते एकाच माणसाच्या डोक्यात ठेवलं, तर त्या माणसाबरोबर नोकरी सोडून जातं.

कॉलेजंच भागीदारीतून जन्मलेली

'इंडस्ट्री-अॅकॅडेमिया पार्टनरशिप' हा शब्द आज प्रत्येक अॅडमिशन ब्रोशरमध्ये असतो, पण कल्पना नवीन नाही. पवईची 'नीटी' १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने सुरू झाली. तिचं मूळ नावच 'नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रेनिंग इन इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग'. कारखान्यातलं काम मोजायला आणि सुधारायला शिकवणारी ही संस्था २०२३ मध्ये 'आयआयएम मुंबई' झाली. चर्चगेटची 'जमनालाल बजाज' १९६५ ची, मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने उभी केलेली. त्याआधी १९६१ मध्ये आयआयएम अहमदाबाद सुरू झाली, ती हार्वर्डच्या सहकार्याने. तिथे उद्योगपतींचाही पुढाकार होता आणि हार्वर्डची 'केस मेथड' तिथून आपल्याकडे रुजली. खऱ्या कंपनीचा खरा पेच वर्गात मांडायचा आणि 'तुम्ही मॅनेजरच्या जागी असता तर काय केलं असतं?' असं विचारायचं, ही ती पद्धत.

उलटा प्रवासही झालाय. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये केस लिहिली. डब्याच्या झाकणावरची अक्षरं, आकडे आणि रंग यांच्या भरवशावर, लोकलच्या टाइमटेबलशी जुळवून घेत चालणारी ही व्यवस्था जगभरातले एमबीएवाले अभ्यासतात. म्हणजे शिकवण्यासारखं ज्ञान गांधी टोपी घालून सायकलवरही असतं. ते बघायला आणि लिहून काढायला कुणीतरी यावं लागतं, इतकंच.

मग कोनमध्ये काय अडलंय?

भिवंडीची ओळख आधी यंत्रमागांची. गोदामं वाढली त्यामागे मोठं कारण होतं जकात. मुंबईत माल आणला की जकात भरावी लागायची, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या जागेत ठेवायचे आणि लागेल तसा आत न्यायचे. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, ठाणे-कल्याण जवळ, जेएनपीटी बंदर आवाक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट मोठी झाली. राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवण्याची गरज कमी झाल्यावर कंपन्यांना एकाच ठिकाणी मोठी जागा हवी होती. त्यात ऑनलाइन शॉपिंगची भर पडली. पूर्वी जिथे भात पिकायचा, तिथे आता पत्र्याच्या उंच शेड.

या शेडमधून तुमचा मोबाइल, तुमचे शूज, तुमच्या भाच्याचे डायपर येतात. सप्लाय चेन शिकायला यापेक्षा मोठी लॅब कुठे मिळणार? पवईहून इथे यायला, ट्रॅफिकने कृपा केली तर, तास-दीड तास लागतो. मेट्रो ५ च्या नकाशावर तर कोनगाव नावाचं स्टेशनच आहे.

आणि तरी इथल्या पोरांसाठी शिडी अर्ध्यावर तुटलेली आहे. पिकर म्हणून घेतात, स्कॅनिंगवर टाकतात, फार तर शिफ्टचा टीम लीडर करतात. त्याच्या वरच्या खुर्चीसाठी 'एमबीए प्रेफर्ड'. जमीन गावाची, हात गावातले, पण कुठला माल कुठे ठेवायचा हे ठरवणारा बाहेरून येतो. बाहेरून येण्याबद्दल तक्रार नाही, ज्ञान कुठूनही यावं. तक्रार ही आहे की ते वरच्या मजल्यावरच्या केबिनमधून खाली उतरत नाही आणि खालचं ज्ञान वर गेलं तर त्यावरचं नाव बदलतं.

छोट्या गाळेवाल्यांची आणि चार-सहा मागांच्या कारखानदारांची अडचण वेगळी. कन्सल्टंट त्यांना परवडत नाही आणि कॉलेजचा प्लेसमेंट सेल त्यांचा फोन उचलत नाही, कारण ते जॉब देणार नसतात. खरं तर माग किती वेळ बंद राहिला ही वही लावायला विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आणि एक महिना पुरेल. तारापूरला कामी आली ती हीच वही.

कॉलेजांची बाजूही आहे. कंपन्या आकडे द्यायला तयार नसतात. 'डेटा कॉन्फिडेन्शियल आहे' म्हटलं की विद्यार्थ्याच्या हातात उरतं कंपनीच्या वेबसाइटवरचं 'अबाउट अस'. कंपनी म्हणते, दोन महिन्यांच्या पोराला शिकवण्यात आमच्या मॅनेजरचे दोन महिने जातात. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच नुसत्या सामंजस्य करारावर सह्या करून भागत नाही. प्रश्न कोणता, आकडे कुठले मिळणार आणि शेवटी फ्लोअरवर काय उरणार, या तीन गोष्टी करारात आधीच लिहायला हव्यात.

नियम आहेत, वापरणारे हवेत

रस्ते अगदी बंद नाहीत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर इंजिनीअर नसलेले पदवीधरही त्यात आले, म्हणजे बीकॉम, बीए, बीएमएससुद्धा. यूजीसीने २०२० मध्ये पदवीच्या आतच अप्रेंटिसशिप बसवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यामुळे काम करत शिकायचं आणि त्या कामाचे क्रेडिट पदवीत धरायचे, हे शक्य झालं.

२०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणले. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा, असलेल्या माणसाला पीएचडी नसली तरी वर्गात शिकवता येतं. चांगलंच आहे. फक्त 'वरिष्ठ पातळी' या दोन शब्दांत पंधरा वर्षं डॉक सांभाळणारा सुपरवायझर बसत नाही. त्याला निदान एका लेक्चरला बोलवायला तर कुठला नियम अडवत नाही ना?

पुढच्या आयव्हीला जाल तेव्हा...

एक प्रश्न घेऊन जा: 'कंपनीची माहिती सांगा' हा प्रश्न नव्हे. 'ट्रक गेटवर येऊन रिकामा होईपर्यंत किती वेळ लागतो?' हा प्रश्न. मग उभं राहून स्वतः मोजा.

मॅनेजरशी बोला, पण तिथेच थांबू नका: रॅकवाला, फोर्कलिफ्टवाला, गेटवरचा नोंद करणारा, सिक्युरिटीच्या ताई, यांना अडचण सगळ्यात आधी कळते.

एक पान मागे ठेवा: रिपोर्ट साठ पानांचा असू दे, पण त्यातलं कामाचं एक पान साध्या मराठीत आणि हिंदीत लिहून फ्लोअरच्या बोर्डावर लावायची परवानगी मागा. त्यात गुप्त आकडे नकोत, फक्त काय बदललं, का बदललं आणि पुन्हा कसं तपासायचं.

नाव द्या: कल्पना ज्याची, त्याचं नाव स्लाइडवर त्याला विचारून टाका. बढतीच्या वेळी तेच त्याचं सर्टिफिकेट असेल.

परत जा: सहा महिन्यांनी एक फोन तरी करा. तारापूरला आठ-नऊ वर्षांनी परत गेले म्हणून तर अर्धं सत्य कळलं.

'मला भेटेल का?'

हा लेख लिहिताना दादाला विचारलं, त्या इंटर्नकडून तू काय शिकलास? तो म्हणाला, वही ठेवायला. आता तो रोज शिफ्ट संपल्यावर पाच मिनिटं बसून लिहितो, कुठल्या रॅकला किती फेऱ्या झाल्या. स्लॉटिंग हा शब्द त्याला मी सांगितला. त्याने तो वहीच्या कव्हरवर मराठीत लिहून ठेवला. पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करायची आणि सुपरवायझरच्या जागेला अर्ज करायचा, असं त्याचं चाललंय. इंटरव्ह्यूमध्ये ही वही दाखवायची की नाही, यावर आमची अजून चर्चा सुरू आहे. मी म्हणते, दाखवच.

निघताना त्याने हळूच विचारलं, "बाय, त्या पोराची ती पीपीटी मला भेटेल का? त्याने मांडणी कशी केली, तेवढंच बघायचंय."

मी त्या मुलाला शोधून मेसेज केला. उत्तर लगेच आलं आणि मनापासून आलं. त्यालाही द्यायची होती, पण कंपनीशी केलेल्या करारामुळे ती बाहेर कुणाला देता येत नाही म्हणाला.

दादा त्याच कंपनीत आहे. तरीही तो 'बाहेरचा'.